उद्यमबाग ते सानिकट्टा: केमिस्ट्रीवाल्यांची सहल

नोटीस बोर्डावर ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ची यादी लागली तेव्हा वर्गाने सगळ्यात आधी तिच्यात समुद्र शोधला. बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे ही सहल सक्तीची. तिचे मार्क असतात, आणि आल्यावर रिपोर्ट लिहावा लागतो. आमच्या सरांनी दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. आधी बेळगावातच उद्यमबागेची फाउंड्री, मग दांडेलीची कागद गिरणी, सुपा धरण, अणशी घाटाने कारवार आणि शेवटी गोकर्ण. गोकर्णच्या वरच्या ओळीत ‘सानिकट्टा, मीठ’ असंही लिहिलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. “मीठ काय बघायचं असतंय? घरात हाय की डबाभर,” असं येळ्ळूरचा म्हणाला, आणि विषय कपडे कुठले न्यायचे याच्याकडे गेला.

येळ्ळूरचा म्हणजे आमचा येळ्ळूरचा मित्र. आमच्या वर्गात आडनावांपेक्षा गावं चालतात. कडोलीची, निपाणीचा, बैलहोंगलची, गोकाकचा, आणि मी जांबोटीची. निम्मा वर्ग घरी मराठी बोलतो, निम्मा कन्नड. भांडण करताना दोन्ही.

मंगळवार: उद्यमबाग, खानापूर, दांडेली

उद्यमबाग आम्ही येताजाता बसच्या खिडकीतून रोज बघतो. बाहेरच्या माणसाला बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो. इथल्या गल्लीत मात्र एखादा मोल्डर, एखादा टर्नर, एखादा फिटर असतोच. येळ्ळूरच्याचे काका मोल्डिंगमध्ये आहेत. त्यामुळे गेटातून आत शिरताना तो अर्धा गाइड झाला होता. आत जाण्याआधी सगळ्यांची पायताणं तपासली. कडोलीची सँडल घालून आली होती, तिला सिक्युरिटीवाल्याने कुणाचेतरी दोन नंबर मोठे बूट दिले. दिवसभर ती ते ओढत फिरली.

पहिल्यांदा दाखवली ती वाळू. लोखंडाचा कारखाना बघायला आलोय आणि सुपरवायझर अर्धा तास वाळूवरच बोलतोय, म्हणून मागची पोरं चुळबुळ करू लागली. मला मात्र ती वाळूच आवडली. काळी, ओलसर. तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि मोजून पाणी. मुठीत दाबली की बोटांचे ठसे जसेच्या तसे राहतात. पॅटर्नभोवती, म्हणजे हव्या त्या भागाच्या नमुन्याभोवती, ती ठासून भरायची, पॅटर्न काढून घ्यायचा, आणि जी पोकळी उरते तिच्यात लोखंड ओतायचं. कोळशाची पूड का घालतात, तर लोखंड ओतताना ती जळते आणि वायूचा पातळ थर तयार होतो. त्यामुळे धातू वाळूला चिकटत नाही. त्या सुपरवायझरने वाळू हातात घेऊन बघितली, मोडली, आणि “पाणी थोडं जास्त आहे,” म्हणाला. मग लॅबमधून रीडिंग आलं. तेही तेच सांगत होतं.

भट्टी विजेवर चालणारी, इंडक्शनची. जवळ जाईल तसा चेहऱ्याला कोरडा ताप जाणवतो. वितळलेल्या लोखंडाचा छोटा नमुना साच्यात ओतून रुपयाएवढी चकती करतात आणि ती स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. ठिणगी उडते आणि मिनिटभरात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे येतात. एकट्या मँगनीजसाठी आम्ही प्रॅक्टिकलला अख्खी दुपार ब्युरेटसमोर उभे असतो. बैलहोंगलचीने माझ्याकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच होतं.

खरी गंमत त्याच्या पुढे होती. साध्या बिडाच्या लोखंडात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, आणि जिथे पापुद्रा तिथे तडा जायला जागा. त्यात थोडंसं मॅग्नेशियम मिसळलं की तेच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात जमतं आणि लोखंड चिवट होतं. हे पुस्तकात होतंच. पुस्तकात नव्हतं ते हे, की मॅग्नेशियम साधारण १,०९० अंशाला उकळतं आणि लेडलमधलं, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यातलं, लोखंड १,४०० अंशांच्या वर असतं. म्हणजे ते मिसळल्याबरोबर लोखंडाच्या आतच उकळायला लागतं. शिट्टी झाली, आम्हाला दहा पावलं मागे नेलं, गॉगल लावायला सांगितले. आणि मग पांढरा प्रकाश. शेडचं छप्पर, क्रेनचा हूक, कोपऱ्यातला पाण्याचा माठ, सगळं एकदम दिसलं आणि पांढऱ्या धुरात गेलं. मघाशी चुळबुळ करणारी पोरं तोंड उघडं टाकून उभी. “पुन्हा एकदा करतील काय?” असं निपाणीच्याने विचारलं. करतात, दर लेडलला करतात, पण आम्हाला बस गाठायची होती.

खानापुरात जेवलो. इथल्या मातीची कौलं, विटा, मडकी लांबवर गेली, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. यादीत नसल्यामुळे ती बाहेरूनच बघितली. मलप्रभेच्या पुलावर सरांनी बस थांबवली नाही, पण माइक घेतला. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगवते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच तालुक्यात उगवलेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. जांबोटीच्या रानात पडणारा पाऊस कुठल्या समुद्रात जाणार हे चार-दोन डोंगरांवर ठरतं. मी हे लहानपणापासून ऐकत आलेय, पण वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं, म्हणून मी उगीचच ताठ बसले.

नंदगडला मात्र थांबलो. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे फाशी दिली. त्याची समाधी आणि तो वड बघायला बैलहोंगलची सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्या तालुक्याचाच वीर तो. तिने कन्नडमध्ये भराभर सगळी हकीकत सांगितली आणि ती मराठी पोरांसाठी गोकाकच्याने मराठीत सांगितली, अर्थात पदरचा मसाला घालून.

हल्याळ मागे टाकून दांडेलीत पोचेतो अंधार पडला होता. लॉजबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार: धनेश, कागद, धरण

पहाटे साडेपाचला सरांनी दारं वाजवली. कारखाना नऊला होता. इतक्या लवकर कशाला, तर टिंबर डेपोत पक्षी बघायला. थंडीत कुडकुडत, सरांच्या नावाने बोटं मोडत गेलो. दांडेलीचा लाकूड डेपो म्हणजे सागवानाच्या ओंडक्यांच्या रांगाच रांगा, नंबर घातलेल्या, आणि मधेमधे जुनी मोठी झाडं. फळं धरली की त्या झाडांवर धनेश येतात. आधी आवाज आला, पंखांचा. मोठा धनेश उडताना हवा कापल्याचा आवाज येतो, तो पक्ष्याचा असेल असं वाटतच नाही. मग दोन महाधनेश वरून गेले आणि पाठोपाठ काळेपांढरे मलबारी धनेश, सात-आठ तरी. पिवळी चोच, तिच्यावर टोप. कडोलीची, जी सगळ्यात जास्त कुरकुरत होती, ती नाष्ट्याला यायलाच तयार नव्हती.

मग कागद. दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिल १९५५ साली स्थापन झाली. जंगलातला बांबू आणि काळी नदीचं पाणी ही इथे गिरणी येण्याची कारणं. आता लाकूड येतं ते बहुतेक शेतात आणि लागवडीत वाढवलेलं, सुबाभूळ, निलगिरी, सुरू. गावात शिरतानाच एक वास येतो. क्राफ्ट पद्धतीने लगदा करणारी गिरणी जिथे आहे तिथे गंधकाच्या संयुगांमुळे हा वास थोडाफार असतोच. तासाभराने नाकाला सवय होते.

कागद कसा होतो हे मी लहानपणापासून ‘लाकडाचा लगदा करतात’ एवढ्या वाक्यात ऐकलं होतं. त्या वाक्यात किती दडलंय ते तिथे कळलं. लाकडात तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. तंतू हवेत, लिग्निन नको. म्हणून लाकडाच्या चकत्या करायच्या आणि डायजेस्टर नावाच्या उंच बंद भांड्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात १६० ते १७० अंशांवर, दाबाखाली शिजवायच्या. बाहेर येतो तो तपकिरी लगदा, आणि सोबत काळंकुट्ट पाणी, ब्लॅक लिकर. लिग्निन त्यात गेलेलं असतं.

ते काळं पाणी आटवून दाट करतात आणि चक्क बॉयलरमध्ये जाळतात. लिग्निन जळून वाफ मिळते, वाफेवर वीज होते. खाली उरतं ते वितळलेलं सोडियम कार्बोनेट आणि सल्फाइड. ते पाण्यात विरघळवून चुन्याशी रिॲक्शन केली की पुन्हा कॉस्टिक सोडा तयार, आणि तो परत डायजेस्टरला. चुनाही पुन्हा भाजून वापरतात. आम्ही हे समीकरण अकरावीपासून लिहीत आलोय, सोडियम कार्बोनेट अधिक कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ते तीन मजली टाक्यांमधून वाहताना बघितलं तेव्हा सर पहिल्यांदाच काही बोलले नाहीत, नुसते हात मागे बांधून उभे राहिले.

पेपर मशिनची शेड लांबलचक. तोंडाशी हेडबॉक्समधून जे येतं त्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणी आणि उरलेला अंशभर लगदा. म्हणजे दुधाळ पाणीच. ते धावत्या जाळीवर पसरतं, पाणी गळतं, मग रोलर दाबतात, मग वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून ओला कागद वरखाली पळतो, आणि दुसऱ्या टोकाला पांढरा कोरडा कागद माणसाहून मोठ्या रिळावर गुंडाळला जात असतो. पाण्याचा कागद होताना डोळ्यांदेखत दिसतो, तेही चालत गाठता येणार नाही इतक्या वेगाने. आवाज इतका की शिफ्ट इंजिनिअर प्रत्येक वाक्य कानाशी येऊन ओरडत होते, आधी हिंदीत, मग कन्नडमध्ये. आमच्या घोळक्यात मागच्यांपर्यंत ते वाक्य तिसऱ्या तोंडाने मराठीत पोचायचं.

कॉस्टिक परत मिळतो, तरी थोडा गळतोच, तेवढा नवा घालावा लागतो. तो कुठून येतो असं सरांनी विचारलं. आम्ही सगळे गप्प. “लक्षात ठेवा, परवा विचारीन,” एवढंच ते म्हणाले. गेल्या सेमिस्टरला यमनापूरचा ॲल्युमिना कारखाना दाखवतानाही त्यांनी हाच प्रश्न टाकला होता, कारण बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढायलाही गरम कॉस्टिकच लागतो.

दुपारी गणेशगुडीला गेलो. सुपा धरण १०१ मीटर उंच. समोरच्या वळणावरून बघताना मान मागे टाकावी लागते. पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन जनित्र-संच. तिथून सुटलेलं पाणी पुढे नागझरीला, मग कोडसळ्ळीला, मग कद्र्याला, असं पुन्हा पुन्हा टर्बाइन फिरवत खाली जातं. दिग्गी गावाजवळ उगवून कारवारला समुद्रात जाणारी ही नदी जेमतेम १८४ किलोमीटर लांब, आणि तिच्याकडून एवढी कामं. गिरणीलाही तीच पाणी देते.

मूळचं सुपा गाव या पाण्याखाली आहे. तालुक्याचं नावही पूर्वी सुपाच होतं, आता जोयडा. उठलेल्या लोकांना लोंढ्याजवळ रामनगरला वसवलं. आमच्या ड्रायव्हर मामांची बहीण रामनगरला दिलेली आहे. जलाशयाकडे बघत ते म्हणाले, “दाजींचं घर तिथं हाय बघा, त्या पलीकडच्या टेकाडाच्या बुडाला.” टेकाड दिसत होतं. बुडाला पाणी होतं. सरांनी मेगावॅटचे आकडे सांगायचे थांबवले आणि मामांना विचारलं, मग त्यांनी देऊळ कुठे होतं, बाजार कुठे भरायचा, असं बरंच सांगितलं. सासरच्यांकडून ऐकलेलं, तरी स्वतः बघितल्यासारखं. माझ्या रिपोर्टमध्ये हे घालू काय असं विचारलं तर सर म्हणाले, घाल, पण ‘प्रोसेस’ या मथळ्याखाली नको.

गुरुवार: घाट उतरून कारवार

जोयडा, कुंभारवाडा, अणशी. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणारा हा रस्ता. वाघ कुणाला दिसला नाही. वानरं दिसली, शेकरू दिसलं, आणि वळणांनी निम्मी बस हिरवीपिवळी पडलेली दिसली. निपाणीच्याच्या आईने दिलेला आलेपाक तिथे कामाला आला. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, म्हणून आमच्याकडे सहली फेब्रुवारीतच काढतात.

घाट उतरला की हवा बदलते. अंगाला घाम चिकटायला लागतो, अंगणांत नारळ येतात, आणि काळी नदी पुन्हा भेटते, यावेळी कद्र्याच्या धरणात अडवलेली. याच जलाशयाच्या काठावर कैगा. २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या, जड पाणी वापरणाऱ्या. त्यातली पहिली भट्टी २०१८च्या ३१ डिसेंबरला थांबवली तेव्हा ती सलग ९६२ दिवस चालली होती, तो त्यावेळचा जागतिक विक्रम. आत जाणं आमच्या यादीत नव्हतंच. पण सरांनी बसमध्येच जड पाण्यावर तोंडी परीक्षा घेतली. ड्यूटेरियम, मॉडरेटर, साधं युरेनियम का चालतं. बैलहोंगलचीने सगळी उत्तरं दिली आणि बाकीच्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

कारवारला पोचताच जेवण, आणि जेवणाला फाटाफूट. बांगड्याचं तिखलं, सुंगटाचं हुमण, तळलेली मांदेली आणि सोलकढी खाणारे एका खाणावळीत. शाकाहारी मंडळी रस्त्यापलीकडच्या उडपी हॉटेलात. आमच्यातला एक दोन्हीकडे जेवला, त्याचं गाव सांगत नाही. खाणावळीतली मावशी आमच्याशी मराठीत, आत स्वयंपाकघराशी कोकणीत आणि पोलीस हवालदार आला तर कन्नडमध्ये बोलत होती, एका दमात, भात वाढतावाढता.

सदाशिवगडाचा डोंगर चढायला फार वेळ लागत नाही. सोंद्याच्या राजाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ला बांधला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं. वरून काळी समुद्राला मिळते ते दिसतं. दांडेलीपासून जिच्या मागे मागे आलो ती नदी इथे इतकी रुंद आणि संथ झालेली, की काल टर्बाइनमधून उसळणारं पाणी ते हेच असं पटत नाही. खाली हायवेचा पूल. शेजारचा जुना पूल २०२४च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्री कोसळला, एक ट्रक नदीत गेला, चालक वाचला. ते व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर बघितले होते, त्यामुळे पुलावरून बस जाताना एकदम शांतता.

संध्याकाळ रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. त्यांच्याकडे विशीतले रवींद्रनाथ येऊन राहिले आणि इथे त्यांनी एक नाटकही लिहिलं. त्या काळी कारवार काय, बेळगाव काय, सगळं मुंबई इलाख्यात. किनाऱ्यावर ‘चपळ’ ही रशियन बनावटीची क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे, शेजारी नौदलाचं टुपोलेव्ह विमानही. नौका आतून फारच चिंचोळी. येळ्ळूरचा सहा फुटी, त्याचं डोकं दर दारात आपटलं. मला त्या दोन्हींपेक्षा वाळूवर जाळी उकलत बसलेले लोक जास्त बघावेसे वाटले, पण सगळ्यांना फोटो काढायचे होते आणि फोटोग्राफर मीच होते.

शुक्रवार: बिणगा, अंकोला, सानिकट्टा

कारवार सोडल्यावर हायवेलगत बिणगा लागतं. इथे कॉस्टिक सोड्याचा कारखाना आहे. बस थांबणार नव्हती, पण सरांनी मामांना वेग कमी करायला लावला आणि माइक हातात घेतला. “परवाचं उत्तर खिडकीतून बघा.” मिठाच्या संपृक्त पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. हा कॉस्टिक लगदा शिजवायला, ॲल्युमिना काढायला, साबणाला, कापडाला. लगदा पांढरा करायला जे क्लोरीन डायऑक्साइड वापरतात त्याचंही मूळ मीठच. देशातलं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं आणि कारखान्यांना लागणारं मोठ्या प्रमाणावर तिथूनच येतं, हेही त्यांनी सांगितलं. नाहीतर आम्ही सगळं श्रेय गोकर्णला देऊन मोकळे झालो असतो.

अंकोल्याला चहा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह कर्नाटकात गाजला तो इथे. दांडी सगळ्यांना पाठ, अंकोला आमच्यातल्या दोघांनाच माहीत होतं.

मग सानिकट्टा. गोकर्णच्या अलीकडे, अघनाशिनी नदीच्या खाडीवर. बसमधून उतरलो आणि डोळे दिपले. जमिनीवर चौकोनच चौकोन, प्रत्येकात वेगळ्या रंगाचं पाणी, काही तपकिरी, काही गुलाबीसर, काहींत नुसतं आभाळ. बांधांवर पांढरे ढीग. झाडाची सावली नावाला नाही.

तिथल्या एका वयस्कर कामगाराने आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. कोकणी आणि कन्नड मिसळून बोलत होते, समजत होतं. भरतीला खाडीचं पाणी दार उघडून आत घ्यायचं आणि दार बंद करायचं. ते मोठ्या तळ्यात तापतं, मग पुढच्या तळ्यात, मग त्याच्या पुढच्या. पाणी जसजसं दाट होतं तसं पुढे सरकतं. समुद्राचं पाणी बोमे मापाने, म्हणजे दाटपणा मोजायच्या मापाने, तीन अंशांच्या आसपास असतं, आणि मीठ धरायला लागतं ते पंचविसाच्या पुढे. तोपर्यंत दहा भागांचं एक भाग पाणी उरलेलं असतं. आधी जिप्सम बसतं, ते मागच्या तळ्यांत राहतं. मग शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ. आणि पार तीस अंशांपर्यंत जाऊ द्यायचं नाही, कारण मग मॅग्नेशियमचे क्षार उतरायला लागतात, मीठ कडवट होतं. पावसाळ्यात डबीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळेच. हे शेवटचं सरांनी सांगितलं. बाकीचं सगळं त्या काकांनी, अंश-बिंश न म्हणता. ते पाणी तळहातावर घेऊन बोटांत चोळायचे आणि “आज नाही, उद्या” म्हणायचे.

आमच्यापाशी कॉलेजातून आणलेला हायड्रोमीटर होता. सरांनी ज्या वाफ्याला काका “उद्या” म्हणाले होते तिथलं पाणी मोजायला लावलं. चोवीस. उद्यमबागेत वाळू चुरगाळणारा तो सुपरवायझर मला तिथे आठवला.

वाफ्याची जमीन मऊ चिकणमातीची. पावसाळ्यानंतर ती पायांनी तुडवून, थापटून अशी घट्ट करतात की मीठ ओढताना माती वर येऊ नये. काम जानेवारी ते मे. पहिला वळवाचा पाऊस पडला की हंगाम संपला. लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढायचं, ते बांधावर निथळू द्यायचं, मग डोक्यावरून ढिगापर्यंत. दुपारी बाराच्या उन्हात, खालून पांढरं, वरून पांढरं. निपाणीच्याने हौसेने फळी मागून घेतली. चार वेळा ओढली आणि गुमान परत दिली. त्याच्या तळहाताला आधीच एक छोटी चीर होती, तिच्यात ते दाट पाणी गेलं, मग पुढचा अर्धा तास त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ही माणसं त्यात अनवाणी उभी राहतात.

इथलं मीठ जेवणात जातं, विक्रीआधी आयोडीन घालून. आम्ही ढिगातलं चिमूटभर खाल्लं. जाडं, किंचित मातकट, जिभेवर सावकाश विरघळणारं. येळ्ळूरच्याने कागदात पुडी बांधून घेतली. आईला दाखवायला, म्हणाला. डबाभर असतंय की घरात, असं त्याला तिघांनी ऐकवलं.

खाडीच्या पलीकडच्या काठावर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायका गुडघाभर चिखलात दिसत होत्या. अघनाशिनीवर मोठं धरण नाही. चार वेळा अडवलेली काळी बघून आल्यावर ही वेगळी वाटते. खाऱ्या पाण्यात तग धरणारा कग्गा नावाचा भात या खाडीच्या कडेच्या शेतांत पूर्वापार पिकवतात. त्यासाठी पावसाळ्यात यायला हवं.

संध्याकाळी गोकर्णात महाबळेश्वराचं दर्शन. शिवरात्र जवळ आली होती, रथाची तयारी सुरू होती आणि गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांना शर्ट काढून, धोतर नेसून आत जायचं होतं. धोतर नेसता येणारा एकच निघाला, गोकाकचा, मग त्याने बाकीच्यांना रांगेत उभं करून नेसवलं. रावण, गणपती आणि आत्मलिंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत असल्यामुळे गाइड घेतला नाही.

शनिवार: ओम बीच आणि परतीचा रस्ता

सकाळी ओम बीच. दोन अर्धवर्तुळं आणि मधे पाण्यात घुसलेले खडक. सोबत आलेल्या मॅडमनी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही असा नियम केला आणि स्वतः साडी खोचून काठावर पहारा दिला. लाटा ओढतात, दरवर्षी कुणीतरी बुडाल्याची बातमी येते, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. दोन तास पाणी, वाळू, कलिंगड. समुद्रावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं मला काही सुचत नाही. त्याने आम्हाला भिजवलं, आम्ही भिजलो.

परत येताना अंकोल्याहून आरबैल घाट चढून यल्लापूर. घाटात मालाच्या ट्रकांची रांग, बस गोगलगायीच्या चालीने. सरांनी मागच्या सीटवर येऊन बसत रिपोर्टचं काढलं. सोमवारी नको, बुधवारी द्या, पण फ्लो-चार्ट मिठापासून सुरू करायचा. मीठ, वीज, कॉस्टिक, डायजेस्टर, कागद. काळी नदीचा वेगळा, टर्बाइनसकट. फाउंड्री स्वतंत्र प्रकरण.

“सर,” कडोलीची म्हणाली, “मग टूरच तशी काढायची की. पहिल्यांदा गोकर्ण, मग बिणगा, मग दांडेली. आपण सगळं उलटं बघितलं.”

“पहिल्या दिवशी ओम बीच दाखवला असता,” सर म्हणाले, “तर दुसऱ्या दिवशी डायजेस्टर बघायला बसमध्ये कोण बसलं असतं?”

मामा पुढून मोठ्याने हसले. यल्लापुरात मिरची भजी खाल्ली, धारवाडात पेढ्यांसाठी अर्धा तास गेला. चन्नम्मा सर्कलला बस लागली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आणि येळ्ळूरची शेवटची बस चुकली म्हणून तो त्या मिठाच्या पुडीसकट माझ्या चुलतभावाच्या खोलीवर झोपला.